शाळेच्या गाडीतला ड्रायव्हर

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली.

आखाती युद्धाच्या तोंडावर रियाधमध्ये हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचा सराव सुरू झाला, तशी शाळेच्या गाडीत मुलं रडू लागली. रत्नागिरीचा मुसलमान ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून त्यांना प्रार्थना म्हणायला लावायचा. ते कळताच मी भडकलो.

"माझ्या पोरीला कलमा शिकवतोस?"

"नाय साहेब. तिला तिच्या देवाचं कायच येत नाय. घाबरल्यावर म्हणायचं काय तिने?"

मी त्याच्या कफीलकडे, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो आला होता त्या अरब मालकाकडे, तक्रार करून त्याला कामावरून काढायला लावलं.

आठवड्याने भोंगा वाजला. मुलीनं टेबलावर तसाच ताल धरून अख्खं शुभंकरोति म्हटलं.

"कुणी शिकवलं?"

"ड्रायव्हर अंकलने. उनके गाँव के स्कूल में सिखाते थे."

इतर धर्मांच्या पूजेला बंदी असलेल्या त्या परक्या मुलखात घरातसुद्धा देवाचं नाव काढायला भिणारा भेकड मी, आणि धर्म वाचवायला निघालो होतो! 'चुकलो' म्हणायला बत्हा या कामगारवस्तीतली त्याची खोली गाठली, तोवर त्याला भारताच्या विमानात बसवलं होतं. नाव मी कधी विचारलंच नव्हतं.