समुद्राची ओटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

खुटबावच्या आमच्या बचत गटाची सहल कोकणात गेली होती. निम्म्या बायका समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. मी गटाची अध्यक्ष, म्हणजे गाडीत बोलायचा मान माझा — आन् मी काय सोडते का? यवतपासून घाट उतरेपर्यंत बजावत होते, पाण्यात प्लास्टिक टाकायचं नाही, आपली नदी घाण केली तेवढी बास.

आता एवढं पाणी बघितल्यावर बाई ओटी भरणारच. खण, नारळ, तांदूळ — तांदूळ वाऱ्यानं उडतील म्हणून मी सगळं कॅरीबॅगेत गाठ मारून नेलेलं. पाण्यात गेल्यावर सोडणारच होते की! पण लाट गुडघ्याला लागली, पायाखालची वाळू सरकली, आन् मी भेदरून सगळं पिशवीसकट भिरकावलं. वर हातही जोडले. पुढच्या लाटेनं पिशवी आणून टाकली ती माझ्या धाकट्या जावेच्या, पारूच्या पायाशी.

किनाऱ्यावर एक बाई वाहून आलेल्या बाटल्या, चपला, जाळ्यांचे तुकडे वेचत होती. ती कडाडली, "कुणाची गं ही? देवाला कचऱ्यात गुंडाळून देता?"

सगळ्यांनी पारूकडं बघितलं. मी गप्प बसले असते, तरी एक वेळ — पण मी गप्प बसले का? मीच म्हणाले, "पारू, अगं गाडीत एवढी कानीकपाळी ओरडले, तरी न्हाई ना ऐकलंस?"

पारूनं तिची ओटी मोकळी सोडली होती, माझ्या शेजारीच उभी राहून. तिनं माझ्याकडं बघितलं. मग वाकून पिशवी उचलली. "चुकलं, अक्का," म्हणाली. एवढंच.

येताना गाडीभर तिची टिंगल. अजून हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणतंच, "पारूकाकूला पिशवीत वाण देऊ नका गं, समुद्रात जायचं!" ती हसते. मीही हसते — हे तर त्याहून वाईट, नाही का?

पारू रोज संध्याकाळी माझ्याकडं येते. ओसरीवर बसून आम्ही भाजी निवडतो, गप्पा मारतो. मला झोप छान लागते, चार घास गोड लागतात. टोचणीनं वाळून गेले म्हणाले, तर ती आणखी एक थाप होईल. पारूचं नाव मी घालवलं. आन् मी सुखात आहे.