आत्याला रडायला शिकवलं तेव्हा

दारात पाहुणे आले की आमची आत्या मागच्या दाराने बाहेर पडायची. राग नाही, रुसवा नाही. पायात चपला सरकवून सरळ चालू लागायची. पाहुणे गेले की परत येऊन आपल्या साड्यांपाशी बसायची. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे आणि घरच्या बायका त्यांचे लोंबणारे धागे कापून द्यायच्या. आत्याच्या गठ्ठ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. लावलाच, तर सगळ्या साड्यांच्या घड्या मोडून ती पुन्हा घालायला बसे.

गल्लीत तिला ‘येडी’ म्हणत. तिला ते माहीत होतं. "म्हनू दे," एवढंच म्हणायची. वरातीच्या बँडने तिचं डोकं भणभणायचं. कानांवर हात ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसे. पण शेजारच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, दिवसभर लूम खडखडत, त्याचं तिला काही वाटत नसे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "तो आवाज रोजना शे. बँड कव्हय वाजी, काय माहीत!"

आम्हाला या सगळ्याची सवय होती, तिच्या सासरच्यांना नव्हती. तिचे यजमान बारडोलीला साखर कारखान्यात होते. माणूस भला, पण आईपुढे त्यांचं काही चालत नसे. सून आल्यागेल्याशी बोलत नाही म्हणून सासूने तिला आमच्याकडे आणून सोडलं. आत्याला परत जायचं होतं. हे तिने एकदाच, आणि तेही माझ्या आईलाच सांगितलं, "माले मन्हा घर जानं शे, वहिनी."

मग ती सासूच वारली. आमच्या खानदेशी लोकांत मयताच्या घरी गेलेली बाई दारातूनच हेल काढून रडते, गेलेल्याचे गुण गाते. जी रडत नाही तिचं नाव वर्षानुवर्षं निघत राहतं. आईला वाटलं, हीच वेळ आहे. सून ऊर बडवून रडली तर मागचं सगळं धुऊन निघेल. "माले रडू येत नही," आत्या म्हणाली. तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरात बसवून शिकवलं: पदर कसा घ्यायचा, हेल कुठे लांबवायचा, कुणाच्या गळ्यात पडायचं. आत्याने ते मन लावून शिकून घेतलं.

बारडोलीला ती दारातून जी रडली, तशी सख्खी लेकही रडली नसेल. जमलेल्या बायकांना पाझर फुटला. थोरल्या नणंदेने तिला कवेत घेतलं. आईने माझा हात दाबला. आणि तेवढ्यात आत्या थांबली, पदर नीट केला आणि भरल्या घरात आईला विचारलं, "वहिनी, व्हई गयं ना?"

कुणीतरी फिसकन हसलं. नणंदेने तिला दूर सारलं. संध्याकाळच्या बसने आम्ही तिघी सुरतेला परतलो. यजमान फाट्यापर्यंत सोबत आले आणि तिथूनच मागे फिरले. त्या हसणाऱ्या बाईचा मला आजही राग येतो. आत्या पुढे जन्मभर आमच्याकडेच राहिली आणि आमच्याच घरात गेली.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने मला ऑटिझमची एक ऑनलाइन चाचणी पाठवली. गंमत म्हणून सोडवायला घेतली. गोंगाटाचा त्रास होतो का? ठरलेलं बदललं की अस्वस्थ वाटतं का? चारचौघांसारखं वागायची मनातल्या मनात तालीम करता का? मी ‘हो’वर बोट टेकवत गेले. शक्यता आहे, डॉक्टरांना भेटा, असं उत्तर आलं. अशा चाचण्या कितपत खऱ्या मानायच्या, मला माहीत नाही.

रविवारी ते प्रश्न मी आईला मराठीत करून वाचून दाखवले. वाटलं होतं, ती माझ्या लहानपणचं काही सांगेल. ती दर प्रश्नाला आत्याचंच सांगत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "आई, हा वेडेपणा नसतो गं. काही माणसं जन्मापासूनच अशी असतात. मीही असेन कदाचित."

"तू शे तशी चांगली शे," आई म्हणाली. मग चष्मा काढून पदराने पुसत बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग मी तिले रडाले कसाले शिकाडं?"