बऱ्हाणपुरात पाडलेला रुपया

बऱ्हाणपूरच्या इतवारा भागात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, डिग्र्या, हेच रोजचं काम. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या जसोंडी गावातल्या एक काकू जुनी नाणी घेऊन आल्या. त्यांचे यजमान ती हौसेनं जमवायचे. ते गेल्यावर घरात कुणाला त्यात रस उरला नव्हता, म्हणून नीट फ्रेम करून विकून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. आधी चिंचेनं घासून आणते म्हणाल्या, तर मी नको म्हटलं. घासलं की नाण्याचा भाव उतरतो, एवढं मला ऐकून माहीत होतं.

मखमल लावलेल्या पुठ्ठ्याला प्रत्येक नाण्याच्या मापाचं भोक पाडलं, जरासं घट्टच, म्हणजे डिंक लागत नाही. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून मागेपुढे काच. इंग्रजांच्या राजाराणीचे रुपये पटापट बसले. एक चांदीचं जाड, ओबडधोबड नाणं मात्र अडलं. त्यावर उर्दूसारखी अक्षरं. वर कुठलं, खाली कुठलं, तेच कळेना.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या आपा नातीचं सर्टिफिकेट न्यायला आल्या. उर्दू शाळेत शिकवण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. मी नाणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन सावकाश फिरवलं आणि मध्येच थांबल्या.

"फारसी आहे. अक्षरं कडेला कटलीत, पण हे बघा, बे, रे, हे... बुरहानपूर. मुघलांच्या वेळचा रुपया आहे, आपल्या गावात पाडलेला."

फ्रेम कुठवर आली ते बघायला आलेल्या काकूंनी तळहात पुढे केला. आपांनी त्यावर नाणं ठेवलं. काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं हे घरात होतं आणि आपण बाजाराला याच गावात येत होतो, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मी घेतलं. थंडगार होतं. टांकसाळ नेमकी कुठं होती, ते आपांनाही सांगता आलं नाही. मी बसलोय तिथंच कुणीतरी हातोडा मारला असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

किंमत ठरवायला इंदूरच्या एका नाणेवाल्याला फोटो पाठवले. मला वाटलं, याचाच भाव सगळ्यात जास्त निघेल. तो म्हणाला, हाच सगळ्यात स्वस्त. बऱ्हाणपूरचे रुपये त्या काळी इतके पाडलेत की आजही कुठंही मिळतात. काकूंना सांगताना मला वाईट वाटत होतं. त्यांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे सगळ्या मुलखात आपल्या गावाचं नाव फिरत होतं!"

नाणेवाल्यानं सांगितलेल्या भावात लाकूड, काच आणि मजुरी धरून मी किंमत काढली. तो रुपया काकूंनी मधोमध बसवायला लावला.

फ्रेम खंडव्याच्या एका डॉक्टरांनी घेतली. काकू त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. स्वस्तातलं नाणं मध्ये का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी काचेवर बोट ठेवून गावाचं नाव दाखवलं. डॉक्टर वाकले, आणि बराच वेळ तसेच बघत राहिले.