मालकाचा रकाना

आजोबा वारले तेव्हा चुलत्यांनी त्यांच्या नावाने एक गोऱ्हा देवाला सोडला. मांडीवर त्रिशूळाचा डाग दिला, दावं काढलं आणि त्या दिवसापासून त्याच्यावर आमचा हक्क राहिला नाही. पुढे त्याचा वळू झाला. गावच्या गायी त्याच्यापासून गाभण राहत. तो कुणाच्याही ज्वारीत शिरे. लोक शिव्या देत, पण काठी उगारत नसत.

दुष्काळाच्या वर्षी शिरण्यासारखं रान उरलं नाही. दूध सोसायटीने माळावर चारा छावणी उघडली. आम्ही दोन बैल घेऊन गेलो. वळू मागोमाग आला. फाटकावर कारकुनाने वहीतला रकाना दाखवला.

"मालक कोण?"

"देव," चुलते म्हणाले.

"मग देवाला घिऊन या. अंगठा लागतो."

रांगेतली माणसं हसली. चुलते हसले नाहीत. दिलेलं दान परत घ्यायचं नसतं, एवढंच म्हणाले.

वळू फाटकाबाहेर बाभळीखाली उभा राहिला. छावणीत दिवसभर काही काम नसे. जनावरं रवंथ करत, माणसं त्यांच्याकडे बघत बसत. बैलांच्या वाट्यातली थोडी उसाची वाढी चुलते कुंपणावरून त्याला टाकत. ती पुरत नव्हती. पाचव्या दिवशी वळू बसला तो उठेना. त्यांनी शिंगं धरली, मी शेपूट. तो कसाबसा उभा राहिला, तसे चुलते कारकुनाकडे गेले.

"आण ती वही."

"काका, मालक म्हणून लिहू ना?"

"लिही. लई बोलू नको."

सही करून ते बाहेर आले आणि तांब्याभर पाण्याने हात धुतले. त्या दिवसांत पाणी असं कुणी वापरत नसे.

छावणीच्या नियमाप्रमाणे वळूला वेसण घातली, खुंट्याला बांधलं. त्याने विरोध केला नाही. तेवढी ताकद नव्हती.

पाऊस झाला, छावणी उठली. चुलत्यांनी फाटकातच वेसण कापली आणि डागावर हात ठेवला.

"जा आता. चुकलंमाकलं पोटात घाल."

वळू बैलांमागून घरी आला आणि गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्याशी उभा राहिला. चुलत्यांनी त्याला तीनदा हाकललं.

"जा बे! मी न्हाई तुजा मालक."

सकाळी तो तिथेच होता. चुलत्यांनी बैलांपुढे कडबा टाकला. जरा वेळ थांबले आणि एक पेंढी त्याच्यापुढेही टाकली. दावं मात्र लावलं नाही.