काकूंचं वजन आणि नवा चिमटा

काकूंचं वजन मला पाठ आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. त्यांची हरकत नाही, त्या स्वतःच कुणालाही सांगतात. मलाच जड जातं. वडीलधाऱ्या बाईला वजन विचारायचं नसतं हे माझ्या अंगात इतकं मुरलंय, की त्यापायी त्यांची सायकल विकली जायची वेळ आली होती.

काकू म्हणजे भोपाळच्या सोनागिरीतल्या माझ्या घरमालकीणबाई. मूळच्या पुण्याच्या. सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून भोपाळला आल्या, तयार माल तपासायच्या खात्यात सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर टेकड्यांवर सायकल चालवायला लागल्या. मी त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. यवतमाळकडून आलो तेव्हा नववीत सोडलेली शाळा, अर्धीमुर्धी हिंदी आणि बाग सेवनियातल्या सायकलच्या दुकानातली नोकरी, एवढंच गाठीला होतं. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी दारातून विचारलं, "वरणभात चालतो का, की तुम्हा वऱ्हाडातल्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही?" मी नुसती मान हलवली, कारण बोललो असतो तर रडलो असतो. तेव्हापासून रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच.

आईचा फोन आला की तिचे ठरलेले दोन प्रश्न. "जेवतं ना रे बरोबर? वजन वाढलं का तुयं?" मी लहानपणापासून काडी. "वाढलं, वाढलं," म्हणून मोकळा व्हायचो. इथे आल्यापासून काट्यावर उभा राहिलो असेन तर शपथ.

आणि मी काळजी करणारा माणूस. दुकान बंद करून निघालो तरी कोपऱ्यावरून परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. आमचे मालक, ज्यांना सगळे भैया म्हणतात, ते सांगतात, "उस्ताद, अब तो ताला भी तेरे से डरने लगा है."

आता काकूंचा हात कसा मोडला ते. शहराबाहेर केरवा धरणाच्या बाजूला टेकडीवरून उतरायची एक वाट आहे. मोठमोठे धोंडे, एकाखाली एक, वेड्यावाकड्या पायऱ्यांसारखे. आमच्याकडचे सायकलवाले तिला 'सासूमाँ' म्हणतात, कारण ती प्रत्येकाला कुठे ना कुठे ऐकवतेच. काकूंच्या जुन्या सायकलच्या चिमट्यातल्या स्प्रिंगा गंजून बसल्या होत्या. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. ते दबायचेच बंद झाले होते आणि धोंड्यांचा सगळा मार थेट मनगटात जात होता. एका उतरणीला मनगट मोडलं. साकेत नगरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं, हाड नीट जुळलं, डॉक्टर म्हणाले आता हात वापरा. पण पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला, तो मी जेवताना समोरच ऐकला.

"आई, पुरे आता. विकून टाक ती सायकल."

काकूंनी मला भात वाढला आणि मग बोलल्या. "नवा चिमटा मागवलाय. हवेवर चालणारा. रविवारी सासूमाँ उतरते. हात दुखला तर तुझं ऐकलं, सायकल विकली. नाही दुखला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"दुखला तर खरं सांगशील?"

"मी आयुष्यभर लोकांचा माल नापास केलाय. स्वतःचा हात पास करून घेईन होय?"

 आणि तो चिमटा बसवायचा होता मीच.

आमच्या दुकानात असली नवी कामं नुकती यायला लागली होती. पुढे एकच चकरी आणि मागे ताटाएवढं फ्रीव्हील. ट्यूब नसलेले टायर, ज्यात पांढरं दूध ओततात आणि बाभळीचा काटा घुसला की भोक आपलं आपण बुजतं. हँडलवरचा खटका दाबला की खाली जाणारी सीट. ती बसवली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "माझ्या गुडघ्यांपेक्षा आज्ञाधारक आहे." पण हवेचा चिमटा मी व्हिडिओतच पाहिला होता. भैया स्वतः करतो म्हणाले. काकू म्हणाल्या, "बसवेल तर हाच. हा कुलूप दोनदा बघतो."

नव्या चिमट्याची वरची नळी लांब येते, ती सायकलच्या मापाने कापावी लागते. जास्त कापली तर संपलं, चिमटा भंगारात. मी माप घेतलं, खूण केली, परत माप घेतलं. भैया चहाला निघून गेले, म्हणाले तुझ्याकडे बघून मला घाम फुटतोय. करवत लावताना मी देवाचं नाव घेतलं की आईचं ते आठवत नाही. नळी बरोबर बसली. मी तसाच फरशीवर टेकलो आणि एकटाच हसत राहिलो.

मग हवा भरायची. एका छोट्या पंपाने चिमट्याच्या डाव्या पायात हवा भरतात. किती, ते चालवणाऱ्याच्या वजनावर. चिमट्यावरच कोष्टक चिकटवलेलं असतं, वजन एवढं तर हवा एवढी. मला फक्त एक आकडा हवा होता, आणि तो विचारायला माझी जीभ उचलेना. मी मनाशी एक वजन धरलं. काकूंना शोभेल असं, मर्यादेतलं. तेवढी हवा भरून सायकल घरी नेली.

संध्याकाळी काकूंनी ती कॉलनीच्या मागच्या उतारावर नेली. तिथे बागेच्या फुटक्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला सायकलने पुढे डोकं टाकलं, दुसरीला आणखी खाली, आणि तिसरीला चिमट्यातून ठण्ण असा आवाज आला. काकू खाली पाय टेकून थांबल्या. हात चोळत परत आल्या. जेवताना त्यांनी डाव्या हाताने वाढलं.

मला जेवण गेलं नाही. ही बाई मला रोज जेवू घालते आणि मी तिचा हात घालवला, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी सायकल दुकानात नेऊन चिमट्याचा प्रत्येक बोल्ट तपासला. खालच्या बाजूला एक छोटी कळ असते, दबलेला चिमटा किती वेगाने परत वर उसळेल ते ठरवणारी. ती फिरवून पाहिली. काही कळेना. इतक्यात काकू रिक्षाने दारात हजर.

"चिमटा पार तळाला जाऊन आपटतोय," त्या म्हणाल्या. "म्हणजे हवा कमी. तू माझं वजन किती धरलंस?"

मी फरशीकडे बघत आकडा सांगितला.

 काकू अशा हसल्या की भैया आतून बाहेर आले. "अरे, एवढं वजन तर माझं लग्नात होतं. तेही हार धरून."

"विचारायचं कसं, काकू?"

"तोंडाने. माझा मान राखलास आणि हात मोडायला निघालास." शेजारच्या आटाचक्कीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "चल."

चक्कीवर पोती तोलायचा मोठा काटा आहे. काकूंनी बरोबर आणलेलं हेल्मेट घातलं, जाड तळाचे बूट घातले, पाठीवर पाण्याची पिशवी चढवली, कारण उतारावर हे सगळंच चिमट्यावर बसणार होतं. दळणाच्या रांगेतले लोक बघायला लागले. चक्कीवाले चाचा पिठाने पांढरे झालेले, त्यांनी शांतपणे विचारलं, "बहनजी, मोटा पिसेगा या बारीक?"

"पहले तौल तो लो, चाचा. पिसना बाद में."

रांगेतली एक बाई म्हणाली, "हमारा भी कर दो." मग तिचंही झालं. चाचांनी काकूंचा आकडा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचला. मी कान झाकले नाहीत, पण झाकावेसे वाटले.

त्या आकड्याने हवा भरली. चिमट्याच्या चकचकीत पायावर एक रबरी कडं असतं, ते खाली सरकवून ठेवलं. काकू अलगद सायकलवर बसल्या, उतरल्या. चिमटा जेवढा दबला तेवढं कडं वर सरकलेलं. तो एकूण जेवढा दबू शकतो, त्याच्या साधारण चौथाईइतकं. हे असं थोडं खाली बसणं चिमट्याला लागतंच. मुळीच बसला नाही तर दगड हाताला लागतो, फार बसला तर पुढच्या खड्ड्यासाठी काही उरत नाही. पहिल्यांदा मी हे कडंसुद्धा पाहिलं नव्हतं, कारण काकूंना बसवून खाली वाकून बघायचं म्हणजे परत तीच लाज.

"पास," काकू म्हणाल्या. "इथपुरता. बाकीचं रविवारी."

रविवारी सकाळी टेकडीवर आम्ही दोघंच होतो. मी दुकानातली एक जुनी सायकल घेऊन वाटेने आधीच खाली उतरलो होतो, हातात धरून, चालत. खाली उभं राहून वर बघत होतो. काकू वर एवढ्याशा दिसत होत्या. त्यांनी सीट खाली केली, मागे सरकल्या आणि सायकल सोडली.

पहिला धोंडा. चाक खाली गेलं, चिमटा दबला, वर आला. दुसरा. मी ठण्ण होण्याची वाट बघत होतो.  तिसऱ्याला चाक एका खाचेत गेलं तेव्हा मी डोळे मिटणार होतो, पण चिमट्याने ती खाच गिळली. काकूंचं डोकं तर हललंसुद्धा नाही. नुसतं पुढचं चाक वरखाली, वरखाली, आणि वर बसलेली बाई झोपाळ्यावर बसल्यासारखी. शेवटचा मोठा धोंडा त्या तोंडाने "ए" करत उतरल्या आणि धूळ उडवत माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"हात?" मी विचारलं.

 त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला, ज्याचं झाकण प्लास्टर निघाल्यापासून रोज मीच उघडून देत होतो. उजव्या हाताने धरून फिरवलं. झाकण निघालं. आत पोळीचे लाडू होते.

"घे," म्हणाल्या आणि तिथूनच पुण्याला फोन लावला. "विषय संपला. हो, खरंच सांगतेय. आणि दिवाळीत येशील तेव्हा तुझीही पोत्यांच्या काट्यावर पाळी आहे, पोट दिसतंय फोटोत."

मी लाडू खात हसत होतो. एवढं हलकं मला भोपाळात आल्यापासून वाटलं नव्हतं. फोन ठेवून काकूंनी सायकल माझ्यापुढे धरली.

"आता तू."

"मला नाही जमणार, काकू."

"तू बसवलेला चिमटा आहे. विश्वास नाही का? वजन सांग."

मी गाव सोडतानाचा माझा आकडा सांगितला. त्यांनी पिशवीतून छोटा पंप काढला, कोष्टक बघून हवा कमी केली, कडं खाली सरकवलं आणि मला बसवलं. उतरून पाहिलं तर कडं पार वर गेलेलं. चौथाई कुठली, अर्ध्यापर्यंत.

काकूंनी वाकून कडं पाहिलं, मग मला नखशिखान्त पाहिलं. माल तपासताना अशाच बघत असतील.

"तू माझं वरण धरलंच नाहीस," त्या म्हणाल्या आणि पंप मारायला लागल्या.

सायकल ढकलत मी वर गेलो. दोन्ही ब्रेक दोनदा दाबून बघितले. मग सीट खाली केली आणि सायकल सोडली. सासूमाँने मला एक शब्द ऐकवला नाही.

खाली पोचल्यावर आधी आईला फोन लावला. ती विचारायच्या आतच म्हणालो, "आई, वजन वाढलं. ह्या वेळी खरंच."

"कोण म्हणते?"

"चिमटा म्हणतो."

"जेवलं ना पण?" आईने विचारलं. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "जेवेल हो. आत्ता घरीच निघालोय."