तलाठी चहा पिऊन गेला

लाल गाडीवर कंडक्टरकी करण्यात माझा जन्म गेला. उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे नाही, तिकीट आहे का म्हणून हाताकडे बघायची सवय लागली. रिटायर होऊन सिंदेवाहीत घर बांधलं, पण ही सवय काही सुटली नाही.

गेल्या वर्षी बायकोच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन नागपूरला. तिथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात गरिबांसाठी खाटा राखून ठेवतात, त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. माझी पेन्शन म्हणजे चहा-साखरेपुरती, त्यामुळे दाखला आरामात मिळाला असता. घोळ फंडाचा होता. रिटायर होताना मिळालेला सगळा फंड बँकेत ठेवलाय आणि त्याच्या व्याजावर आमचं घर चालतं. ते व्याज धरलं की आम्ही गरीब राहत नाही. आणि फंड मोडला तर पुढं खायचं काय, बाप्पा? मी अर्जात पेन्शन तेवढी लिहिली. बायकोला काही बोललो नाही. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, नळावर गेली की गावभर.

तहसीलमधून नकार आला. बाबू म्हणाला, "काका, तलाठ्याच्या अहवालात बँकेचं व्याज धरलं हाये. मर्यादेच्या वर जाते."

माझं डोकंच सणकलं. फितूर कोण? समोरच्या घरचा भाऊ आधीपासूनच माझ्या डोळ्यात खुपत होता. रिटायर झालो त्या दिवशी गळ्यात हार घालता घालता यानं कानात विचारलं होतं, "फंड केवढा भेटला गा?" त्याच्या घरून आलेली, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची ताटली मी तशीच परत पाठवली. बँकेतला शिपाई, पासबुक छापताना मागं उभी असलेली बाई, माझा सख्खा साळा, कोणालाच सोडलं नाही. रस्त्यात कोणी बायकोची तब्येत विचारली तरी वाटायचं, हा व्याजाचा आकडा काढून राह्यला.

शेवटी तलाठ्यालाच गाठलं. "सायब, नाव सांगा. कोणं सांगतलं तुमाले?"

तो हसला. "अहो काका, चौकशीला मी तुमच्याच घरी आलो होतो. तुम्ही नव्हता. काकूंनी काय पाहुणचार केला! पलंगावर नवी चादर, काचेचे कप, काजूची बिस्किटं. फंडाचं त्यांनीच सांगितलं."

तणतणतच घरी आलो. "तुले अक्कल हाये का? त्याले फंडाचं काऊन सांगतलं?"

ती मेथी निवडत बसली होती. तेवढ्यानंही तिला दम लागत होता.

"सायब घरी आला तं फुटक्या कपात चहा देऊ काय? त्याले गरिबी दाखवाची हाये, हे तुमी सांगतलं होतं मले? तो म्हणे, काकू, तुमचं भागते कसं? मी म्हणलं, माया माणसानं मले जन्मात काही कमी पडू देल्लं नाई. फंड ठेवला बँकेत, व्याज येते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन, खोटं बोलली काय मी?"

मी तिच्यासमोर बसलो आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

सोमवारी बँकेत गेलो. खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "काका, एवढा फंड कशाला मोडता?"

"बायकोचं ऑपरेशन हाये," मी मोठ्यानं सांगितलं. मागं रांगेत समोरच्या घरचा भाऊ उभा होता. ऐकलं तर ऐकलं.