जित्या माणसाचा हार

माझ्या सासऱ्यांना सिनेमाचं वेड आहे असं कुणी म्हटलं की ते चिडतात. वेड रिकामटेकड्यांना असतं, मले समज आहे, म्हणतात. त्यांचं नाव शालिकराम, मी मामाजी म्हणते. अकोल्यात जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. झेंडू ओवताना त्यांची नजर सुईवर कमी आणि समोर टांगलेल्या छोट्या टीव्हीवर जास्त असते, तरी आजवर बोटाला सुई टोचलेली मी पाहिली नाही.

मी मोर्शीची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच वर्षी मामाजींची एक तऱ्हा पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. टीव्हीवर सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा लागायचा, त्याच्या आधी आमच्या घरी मामाजींचा सोहळा. पेपरच्या पुरवणीतले नटनट्यांचे फोटो कापून पुठ्ठ्यावर डकवायचे, टीव्हीखालच्या टेबलावर मांडायचे आणि ज्याला मामाजींचं बक्षीस, त्याच्या फोटोपुढे स्वतः ओवलेला हार ठेवायचा. हिरो-हिरोइनला इथे काही नसे. त्यायले लय जन देतेत, म्हणायचे. बक्षीस कुणाला, तर सगळ्यात चांगलं मरणाऱ्याला. सगळ्यात चांगलं खोटं बोलणाऱ्याला. एकाच सीनमध्ये पाणी आणून देणाऱ्या मोलकरणीला. ही मोलकरीण माझ्या सासूबाईंची पसंत असायची. जयवंता त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणायची. त्या मोलकरणीवरून दोघं इतकं भांडायचे की गल्लीतली माणसं सोहळा सोडून भांडण बघायला येत.

आत्याबाईंचा एक नियम मात्र पक्का होता. हार फोटोच्या पुढे ठेवायचा, गळ्यात घालायचा नाही. "जित्या माणसाच्या फोटोले हार घालतेत का कोणी?" असं म्हणून त्या स्वतः उठून हार मागे सरकवायच्या. फुलवाल्याच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. देवाचा हार वेगळा, नवरदेवाचा वेगळा आणि फोटोचा वेगळा. ओवतानाच हाताला कळतं.

तो नियम मोडला मामाजींनीच. त्या वर्षी आमच्या ह्यांनी, म्हणजे कुंदनने, आईचा एक जुना फोटो स्टुडिओतून मोठा करून, फ्रेम करून आणला होता. मामाजींनी तो टीव्हीवरच्या खिळ्याला लावला आणि भरल्या घरात जाहीर केलं की यंदाचा उत्तम अभिनय जयवंताबाईचा. कालचा झेंडू आजचा म्हणून विकताना बाईच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही! घर हसून हसून लोळलं. त्या आनंदात त्यांनी हार उचलला आणि सरळ फोटोच्या गळ्यात घातला.

"अवो, जिती हाये मी आजून!" आत्याबाई ओरडल्या. त्याच सगळ्यात मोठ्यानं हसत होत्या. हार काढून त्यांनी तुळशीवर टाकला आणि सगळ्यांना चहा केला.

थंडीत त्यांना कावीळ झाली आणि ती उलटली. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा फोटो शोधावा लागला नाही. फोटो मोठा केलेला होता, फ्रेम होती, खिळ्यावरच होता. फक्त हार घालायचा राहिला होता. तेराव्याला शेजारच्या दुर्गाबाई जेवायला बसल्या आणि पहिल्या घासालाच म्हणाल्या, "जितेपणी हार घातला, म्हणून नेलं बाई तिले." मी वाढत होते. वरणाचं भांडं त्यांच्या डोक्यावर ओतावं असं मला वाटलं. पण मामाजींनी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं परत काढून घेता येत नाही.

तेव्हापासून त्यांनी फोटोचा हार ओवणं सोडलं. घरी कुणी गेलं म्हणून गिऱ्हाईक आलं की त्याला पुढच्या दुकानात पाठवतात. आत्याबाईंच्या फोटोचा हार कुंदन करतो. बक्षिसांच्या दिवशी टीव्ही बंद. एका वर्षी मात्र मी संध्याकाळी दिवा लावायला आत गेले, तर ते बंद टीव्हीसमोर बसून बोलत होते. "मोलकरीणच? पुन्हा मोलकरीणच? बरं बापा, तुह्या मनासारखं." मी दिवा हातात घेऊन तशीच उभी राहिले. टीव्हीच्या काळ्या काचेत ते दिसत होते, मागे मी दिसत होते, आणि मला तिसरं कुणी दिसायला नको होतं म्हणून मी डोळे मिटले.

मी बीए झालेली बाई आहे. मला हे असलं पटत नाही. एवढं सांगून पुढचं सांगते.

आमची लेक प्रणाली अमरावतीला कॉलेजात शिकते. गेल्या वर्षी तिच्या ग्रुपनं एक छोटा सिनेमा केला आणि तो तिथल्या स्पर्धेत निवडला गेला. उत्तम अभिनेत्रीच्या यादीत तिचं नाव आलं. ती नाचतच घरी आली आणि आजोबांच्या मांडीवर मोबाइल ठेवला. "पाहा आजोबा. आन यंदा तुमचा सोहळा झालाच पायजे. मले हार पायजे तुमचा."

मामाजी मोबाइलवर तिचा सिनेमा बघत होते. किती तरी वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी चमक दिसली. मध्येच म्हणाले, "चांगलं रडली पोट्टी. नाक नाही ओढलं." सिनेमातली मुलगी शेवटी मरते. शेवटच्या दृश्यात नुसती भिंत, भिंतीवर प्रणालीचा फोटो आणि फोटोला हार.

मामाजींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. झेंडूच्या चार फुलांनंतर अशोकाचं एक पान. असा हार अकोल्यात एकच माणूस ओवतो.

"हार कुठचा हाये हा?"

"आपल्याच दुकानातला. दिवाळीत नाही का म्या कार्यक्रमाले म्हणून नेला होता? तुमीच तं देल्ला, चांगला जाड पाहून."

त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला आणि चपला घालून दुकानात गेले. पोरगी बघत राहिली. "अनोळखी नटायले हार दिले, अन् मले एक शब्द नाही?" म्हणून रडली. मी तिची समजूत काढली, पण खरं काय ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

रात्रीची भाकरी त्यांनी तशीच ठेवली. "सुनबाई, माह्या हातानं झालं पुन्हा," एवढंच म्हणाले. मी भडकले. सिनेमातलं नाटक ते, कावीळ हारानं होत नाही, दुर्गाबाईच्या तोंडाला काय लागता, असं सगळं बोलले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते प्रणालीला फोन करू लागले. विचारायचं काही नसायचं. "काय करून राहिली?" एवढंच. ती झोपेत काहीतरी पुटपुटायची आणि मग ते पहिला चहा घ्यायचे. स्कूटीवर बसू नको, पाण्याजवळ जाऊ नको, बाहेरचं खाऊ नको. एकदा तिनं फोन उचलला नाही तर दुकान उघडं टाकून स्टँडवर गेले, अमरावतीच्या गाडीत बसले, आणि मूर्तिजापूरपर्यंत गेल्यावर तिचा उलट फोन आला. ते तिथूनच परत आले.

स्पर्धेच्या बक्षिसांच्या दिवशी मी आणि कुंदन अमरावतीला गेलो. मामाजी आले नाहीत. दुकान कोण पाहीन, म्हणाले. दुपारचा कार्यक्रम होता. प्रणालीचं नाव पुकारलं तेव्हा मोठ्या पडद्यावर तेच शेवटचं दृश्य दाखवलं. एवढा मोठा माझ्या लेकीचा फोटो आणि त्याला माझ्या घरचा हार. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी शेजारची रिकामी खुर्ची घट्ट धरून बसले होते. ती पायऱ्या चढून स्टेजवर आली, हलली, हसली, तेव्हा कुठे मी खुर्ची सोडली.

दिवेलागणीला आम्ही तिघं अकोल्यात घरी पोचलो. मामाजी नवा सदरा घालून बसले होते. टीव्ही चालू होता. त्यांच्या हातात पांढऱ्या शेवंतीचा हार होता, नवरीला करतात तसा. "ये," म्हणाले, आणि तो त्यांनी प्रणालीच्या गळ्यात घातला. तिच्या, फोटोच्या नव्हे. "उत्तम अभिनय. माह्याकडून अन् तुह्या आजीकडून." पोरगी त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. कुंदनचेही डोळे भरले.

मी भिंतीकडे पाहिलं. आत्याबाईंच्या फोटोशेजारी दुसरा खिळा ठोकला होता. त्यावर मामाजींचा फोटो. आधार कार्डावरचा, मोठा केलेला, त्यामुळे चेहरा पुसटलेला. फोटोला हार होता. झेंडूच्या चार फुलांनंतर अशोकाचं एक पान.

"मामाजी, हे काय अभद्र!" मी ओरडले आणि हात वर केला.

"काढू नको." ते इतक्या शांतपणे बोलले की माझा हात थांबला. "नेणाऱ्याले एक माणूस पायजे ना? म्या सांगतलं, हा घे. आता थो पोरीकडे पाहणार नाही. हा हार काढला, तं थो तिच्यावर जाईन."

कुंदननं समजावलं. प्रणाली रुसली, भांडली. एकदा मी तो हार काढून टाकलाही. दुसऱ्या सकाळी नवा होता. मग कुणी काढला नाही. मामाजी आता खुशीत असतात. दोन्ही वेळ जेवतात, सिनेमे बघतात, बक्षिसं वाटतात, मोलकरणीला पहिलं. प्रणालीला रोज फोन करत नाहीत. फक्त सकाळी आंघोळ करून आपल्या हातानं आपल्या फोटोला हार घालतात. मी उठले की आधी भिंतीकडे बघते, मग त्यांच्या खाटेकडे.

गेल्या आठवड्यात त्यांना ताप आला. उठवेना. कुंदन फुलं आणायला बाजारात गेला होता. भिंतीवरचा कालचा हार सुकून खाली वाकला होता. त्याच वेळी प्रणालीचा मेसेज आला की ती मैत्रिणीच्या गाडीवर चिखलदऱ्याला निघाली आहे.

मी फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला.

मग मी टोपली ओढली आणि ओवायला बसले. चार फुलं, एक पान. स्टुलावर चढले आणि जित्या सासऱ्यांच्या फोटोला माझ्या हातानं हार घातला. मागे वळून बघायची मला लाज वाटत होती.

"वाकडा झाला सुनबाई," खाटेवरून मामाजी म्हणाले. "सरळ कर."

मी सरळ केला.